इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची बाजारपेठ : आकार, श्रोतृवर्ग आणि मोजमापाचे प्रश्न

कलेचा लौकिक तिच्या खपावरून ठरविण्याची पद्धत नवीन नाही. नाट्यगृहाच्या तिकिटविक्रीवरून नाटकाचे आणि ध्वनिमुद्रिकांच्या मागणीवरून गायकाचे यश जोखण्याची सवय महाराष्ट्रातही जुनीच आहे. परंतु एखाद्या संगीतप्रकाराची साऱ्या जगातील वार्षिक उलाढाल एकाच आकड्यात सांगावयाची, आणि तो आकडा पुढे ठेवून भांडवलदारांकडे पैसा, नगरपालिकांकडे जागा व सरकारांकडे परवाने मागावयाचे, हा प्रकार मात्र अलीकडचा होय. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या बाबतीत तो विशेष ठळकपणे दिसून येतो. ह्या बाजारपेठेचा आकार किती, तिचा श्रोता कोण, आणि तिच्याविषयी प्रसृत होणारे आकडे कितपत ग्राह्य मानावयाचे, ह्या तीन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. विषयाची व्याप्ती

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत ह्या नावाखाली अनेक भिन्न प्रवाह एकत्र येतात. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील क्राफ्टवेर्क हा वाद्यवृंद, शिकागो शहरात फ्रँकी नकल्स ह्याने १९७७ पासून गाजविलेला 'वेअरहाउस' नावाचा क्लब, डेट्रॉइटमधील हुआन ॲटकिन्स, डेरिक मे व केव्हिन साँडरसन हे तिघे तरुण, ही ह्या संगीताची प्रमुख उगमस्थाने मानली जातात. 'हाउस' हे नाव शिकागोकडून व 'टेक्नो' हे डेट्रॉइटकडून आले. रोलँड ह्या जपानी कंपनीने १९८० ते १९८३ ह्या काळात बाजारात आणलेली तालयंत्रे व मंद्रस्वरयंत्रे प्रथम फारशी खपली नाहीत. ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि म्हणूनच अल्प साधनांच्या तरुणांच्या हाती पडली. ज्या संगीताची उलाढाल आज अब्जावधी डॉलरांत सांगितली जाते त्याचा पाया अशा टाकून दिलेल्या यंत्रांवर घातला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ह्या इतिहासात मुंबईचाही एक दुवा आहे. चित्रपटसंगीतात वादन करणारे चरणजित सिंग ह्यांनी १९८२ साली ह्याच रोलँड यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून एक ध्वनिमुद्रिका काढली. त्या वेळी तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. २०१० मध्ये ती युरोपात पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा शिकागोमधील तशाच घडणीच्या मुद्रिकांच्या आधीची ही निर्मिती पाहून जाणकार चकित झाले. एखाद्या कृतीचे कलामूल्य व तिचे तत्कालीन बाजारमूल्य ह्यांत केवढे अंतर असू शकते ह्याचे हे एक चांगले उदाहरण होय.

२. एकूण आकडा व त्याची वाटचाल

ह्या बाजारपेठेच्या आकारासंबंधी सर्वाधिक उद्धृत होणारा आधार म्हणजे इबिझा बेटावर भरणाऱ्या 'इंटरनॅशनल म्युझिक समिट' ह्या व्यावसायिक परिषदेचा वार्षिक अहवाल. त्यातील अंदाज क्रमाने मांडले असता पुढील चित्र दिसते. २०१३ च्या अहवालात जागतिक उलाढाल ४.५ अब्ज डॉलर सांगितली होती. २०१४ मध्ये हा आकडा ६.२ अब्ज, २०१५ मध्ये ६.९ अब्ज, २०१६ मध्ये ७.१ अब्ज आणि २०१७ मध्ये ७.४ अब्ज झाला. त्यानंतर किंचित उतार लागून २०१८ च्या अहवालात ७.३ व २०१९ च्या अहवालात ७.२ अब्ज डॉलरांची नोंद झाली. कोविडच्या साथीने २०२० साली उत्सव व क्लब बंद पडले, आणि त्या वर्षाची उलाढाल निम्म्याहून अधिक घटून ३.४ अब्जांवर आली. पुढे मात्र २०२२ सालासाठी ११.३ अब्ज, २०२३ सालासाठी ११.८ अब्ज आणि २०२५ च्या अहवालात १२.९ अब्ज डॉलर असे चढते आकडे देण्यात आले.

ह्या मालिकेकडे वरवर पाहणारास वाटेल की, मंदी, साथ व पुनरुत्थान असा हा सरळ क्रम आहे. परंतु अहवालांतच दिलेल्या वाढीच्या टक्केवारीशी हे आकडे ताडून पाहिले असता निराळीच गोष्ट उघड होते. २०२३ साली वाढ १७ टक्के झाली असे अहवाल सांगतो, परंतु ११.३ वरून ११.८ ही वाढ जेमतेम साडेचार टक्क्यांची आहे. १७ टक्के खरे मानावयाचे तर आधीच्या वर्षाचा आकडा सुमारे १०.१ अब्ज धरला पाहिजे. उलट, त्यानंतरच्या अहवालात १२.९ अब्ज ही सहा टक्के वाढ म्हणून सांगितली आहे. त्या हिशेबाने मागील आकडा ११.८ नसून सुमारे १२.२ अब्ज ठरतो. म्हणजे मूळ पाया एकदा खाली सरकविला गेला व एकदा वर. ह्यात लबाडी आहे असे समजण्याचे कारण नाही. नवी माहिती मिळताच जुने अंदाज सुधारणे आणि गणनेत नवी अंगे समाविष्ट करणे ही अशा मोजणीतील रूढ रीतच आहे. परंतु वेगवेगळ्या अहवालांतील आकडे एका ओळीत मांडून त्यांवरून वाढीचा वेग काढणे चुकीचे ठरेल, एवढे ह्यावरून निश्चित होते.

३. आकड्याच्या पोटात काय आहे

ह्या एकूण बेरजेत स्थूलमानाने तीन अंगे येतात : ध्वनिमुद्रित संगीताची विक्री व प्रवाही श्रवणाचे उत्पन्न, उत्सव व क्लब ह्यांची प्राप्ती, आणि संगीत तयार करण्याची व वाजविण्याची यंत्रे व संगणकप्रणाली. ह्यावरून एक सावधगिरी सुचते. जगातील सर्व ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२३ सालासाठी २८.६ अब्ज डॉलर सांगितली आहे. तिच्याशेजारी ११.८ अब्ज हा आकडा ठेवून 'जगातील संगीताचा दोन पंचमांश भाग नृत्यसंगीताने व्यापला आहे' असे कोणी म्हणू लागल्यास ते सर्वथा चूक होईल; कारण पहिल्या आकड्यात तिकिटे, क्लबातील पेये व यंत्रे ह्यांचा समावेश नाही, आणि दुसऱ्यात तो आहे.

ज्याप्रमाणे काय मोजले हे पाहावयाचे, त्याप्रमाणे काय मोजले नाही हेही पाहावयाचे असते. महाराष्ट्रात 'डीजे' हा शब्द आज वादकापेक्षाही मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीला अधिक लावला जातो. गणेशोत्सव, लग्नवराती व जयंतीच्या मिरवणुका ह्यांत वाजणारे, चित्रपटगीते व लोकगीते यंत्रतालावर बसवून केलेले संगीत, तांत्रिक दृष्टीने पाहता, इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतच होय. त्यासाठी ध्वनिवर्धक, जनित्रे, प्रकाशयोजना व वाहने भाड्याने देणारा एक मोठा व्यवसाय गावोगाव पसरला आहे. त्याचे व्यवहार बहुधा रोखीने व तोंडी करारावर चालतात, आणि इबिझाच्या अहवालात त्यांना स्थान असण्याचा संभव नाही. ब्राझील, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका ह्या देशांतील लोकप्रिय नृत्यसंगीताच्या अनौपचारिक व्यवहारांचीही बव्हंशी हीच स्थिती असावयाची. तेव्हा 'जागतिक' म्हणून सांगितला जाणारा आकडा वस्तुतः हिशेब ठेवणाऱ्या जगाचा आकडा आहे.

उत्पन्नाची वाटणी हा प्रश्नही ह्याच संदर्भात पाहिला पाहिजे. फोर्ब्स नियतकालिकाने २०१४ साली स्कॉटिश डीजे कॅल्व्हिन हॅरिस ह्याचे वार्षिक उत्पन्न ६ कोटी ६० लाख डॉलर अंदाजिले होते. त्या वर्षीच्या अहवालातील ६.२ अब्ज ह्या आकड्याशी तुलना केल्यास एका व्यक्तीचे उत्पन्न संपूर्ण बाजारपेठेच्या सुमारे एक टक्का भरते. त्यातील काही भाग जाहिरातींचा व इतर गायकांसाठी केलेल्या रचनांचा असणार, हे मान्य करूनही शिखरावरील दाटी त्यातून स्पष्ट होते. दुसऱ्या टोकास, ज्यांच्या रचना डीजे रात्रभर वाजवितात त्या रचनाकारांपर्यंत क्लबांकडून वसूल होणारे स्वामित्वशुल्क नेहमी पोहोचतेच असे नाही. कोणती रचना कोठे वाजली ह्याची नोंद राहिली नाही, म्हणजे जमलेली रक्कम रेडिओवरील किंवा विक्रीच्या प्रमाणात वाटली जाते. साहजिकच ती आधीच प्रसिद्ध असलेल्यांच्या पदरी अधिक पडते.

४. श्रोता कोण?

श्रोतृवर्गाच्या संख्येविषयी २०१९ च्या अहवालात एक मोठा अंदाज आहे : जगात सुमारे १५० कोटी लोक हे संगीत ऐकतात. ध्वनिमुद्रण महासंघाच्या २०१८ च्या श्रोता-पाहणीतही पॉप व रॉक ह्यांच्या खालोखाल तिसरे स्थान ह्या संगीतास मिळाले होते. पाहणीतील ३२ टक्के लोकांनी आपण ते ऐकतो असे सांगितले. आता हे दोन अंदाज, म्हणजे १५० कोटी श्रोते व त्याच अहवालातील ७.२ अब्ज डॉलर, एकत्र करून भागाकार केला तर दरडोई वार्षिक खर्च पाच डॉलरांहूनही कमी निघतो. अर्थात श्रोत्यांपैकी बहुसंख्य लोक ह्या संगीतासाठी स्वतंत्रपणे काहीच खर्च करीत नाहीत. ते जाहिरातींसह, किंवा एखाद्या सर्वसाधारण वर्गणीचा भाग म्हणून, ते ऐकतात. बाजारपेठ उभी आहे ती उत्सवांना व क्लबांना जाणाऱ्या तुलनेने लहान वर्गाच्या जिवावर.

म्हणून श्रोतृवर्गाची कल्पना तीन वर्तुळांनी करणे युक्त होईल. सर्वांत बाहेरचे वर्तुळ सहज कानी पडते म्हणून ऐकणाऱ्यांचे. मधले, वर्षातून एखाददुसऱ्या उत्सवास तिकीट काढून जाणाऱ्यांचे. आणि आतले, नियमाने क्लबात जाणाऱ्यांचे, रचना विकत घेणाऱ्यांचे व स्वतः यंत्रे बाळगणाऱ्यांचे. व्यवसायाच्या जाहिरातीत बाहेरच्या वर्तुळाची संख्या सांगितली जाते. उत्पन्न मात्र आतल्या दोन वर्तुळांतून येते. गुंतवणूक करणाऱ्याने किंवा परवाना देणाऱ्याने हा भेद विसरला तर त्याचा अंदाज चुकणे अटळ आहे.

उत्सवांच्या उपस्थितीविषयीही असाच घोटाळा होतो. लास व्हेगास येथील 'इलेक्ट्रिक डेझी कार्निव्हल' ह्या तीन रात्रींच्या उत्सवाची उपस्थिती अलीकडे पाच लाखांहून अधिक सांगितली जाते. परंतु ही बेरीज रात्रींच्या हजेरीची आहे. तिन्ही रात्री येणारा एकच माणूस तीनदा मोजला गेला, म्हणजे प्रत्यक्ष व्यक्तींची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास उरते. ही संख्याही लहान नव्हे. पण पाणीपुरवठा, स्वच्छतागृहे, रुग्णवाहिका व पोलीस ह्यांची तरतूद एका रात्रीच्या संख्येवर ठरवावयाची असते आणि शहरातील खोल्यांची मागणी व्यक्तींच्या संख्येवर. कोणता आकडा कशासाठी वापरावयाचा हा केवळ पुस्तकी प्रश्न नाही.

५. भांडवलाचा अनुभव

फुगविलेल्या अंदाजांचे परिणाम काय होतात ह्याचा धडा एसएफएक्स ह्या अमेरिकन कंपनीने दिला. रॉबर्ट सिलरमन ह्या उद्योगपतीने पूर्वी ह्याच नावाची एक कार्यक्रमसंस्था उभारून २००० साली क्लिअर चॅनेल कंपनीस विकली होती. २०१२ मध्ये त्याने तेच नाव पुन्हा घेऊन इलेक्ट्रॉनिक संगीताचे उत्सव, प्रवर्तक संस्था व बीटपोर्ट हे रचनाविक्रीचे दुकान एकामागून एक खरेदी करण्याचा सपाटा लावला. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीचे भाग प्रत्येकी १३ डॉलर भावाने विक्रीस काढून २६ कोटी डॉलर उभारण्यात आले. अहवालांतील त्या वेळच्या वाढीचा वेग पुढेही कायम राहील, असे गृहीत धरून हा सर्व डोलारा रचलेला होता.

प्रत्यक्षात खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज निश्चित होते, उत्सवांचे उत्पन्न मात्र अनिश्चित. २०१५ च्या सप्टेंबरात जॉर्जिया राज्यातील 'टुमॉरोवर्ल्ड' उत्सवाच्या वेळी पावसाने रस्ते चिखलात गेले व हजारो प्रेक्षक रात्रभर अडकून पडले. कंपनी पुन्हा खाजगी मालकीत नेण्याचा सिलरमनचा प्रयत्न फसला, आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, त्याच वर्षीच्या अहवालात एकूण बाजारपेठ ७.१ अब्ज डॉलरांवर पोहोचलेली होती. बाजारपेठ वाढत असतानाही तीतील एक प्रमुख कंपनी बुडू शकते, कारण एकूण उलाढाल म्हणजे नफा नव्हे.

त्यानंतरही भांडवलाचे केंद्रीकरण थांबले नाही; केवळ मालक बदलले. एसएफएक्सकडे असलेली आयडी अँड टी ही डच संस्था २०२१ मध्ये सुपरस्ट्रक्ट कंपनीने घेतली, आणि खुद्द सुपरस्ट्रक्ट २०२४ मध्ये केकेआर ह्या गुंतवणूकसंस्थेच्या ताब्यात गेली. २०२५ मध्ये ह्या मालकीच्या निषेधार्थ काही कलावंतांनी संबंधित उत्सवांतून अंग काढून घेतले. ज्या संगीताचा जन्म उपेक्षितांच्या क्लबांत झाला त्याचे श्रोते मालकीच्या प्रश्नाविषयी उदासीन नसतात, हेही बाजारपेठेचे एक वैशिष्ट्यच म्हणावयाचे.

६. बर्लिनचे उदाहरण

बाजारपेठेचा लाभ कोणास मिळतो हे पाहण्यासाठी बर्लिनचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील क्लबांच्या संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१८ साली सुमारे ३० लाख प्रवासी मुख्यतः क्लबांच्या आकर्षणाने बर्लिनला आले, आणि त्यांनी शहरात सुमारे १.४८ अब्ज युरो खर्च केले. क्लब व कार्यक्रमसंयोजक ह्यांची स्वतःची वार्षिक उलाढाल त्याच अभ्यासात सुमारे १६.८ कोटी युरो धरलेली आहे. हा अभ्यास हितसंबंधी संघटनेचा आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. तरीही प्रमाण बोलके आहे : प्रवाशाने खर्चिलेल्या प्रत्येक नऊ युरोंपैकी फार तर एक क्लबाच्या वाट्यास येतो, बाकीचे हॉटेले, उपाहारगृहे, वाहतूक व दुकाने ह्यांकडे जातात.

क्लबांमुळे एखाद्या भागाचे आकर्षण वाढले की जागेची भाडी वाढतात, आणि वाढलेली भाडी क्लबांनाच परवडेनाशी होतात. शहराला प्रसिद्धी मिळवून देणाऱ्या संस्था त्या प्रसिद्धीच्याच ओझ्याखाली बंद पडू लागतात. जर्मन संसदेने २०२१ मध्ये क्लबांना करमणुकीच्या धंद्यांऐवजी सांस्कृतिक संस्थांत गणावे असा ठराव केला, आणि २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची नोंद जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. तथापि वारशाच्या यादीत नाव आल्याने भाडे कमी होत नाही. वॉटरगेट हा नामांकित क्लब २०२४ च्या अखेरीस बंद झालाच.

७. गोवा व पुणे

गोव्याचा ह्या बाजारपेठेशी संबंध दुहेरी आहे. हणजुण व वागातोर येथील किनाऱ्यांवर परदेशी प्रवाशांच्या मेळाव्यांतून १९९० च्या सुमारास जो संगीतप्रकार आकारास आला तो 'गोवा ट्रान्स' ह्या नावाने इस्राएल, जपान व युरोप येथे पसरला. ध्वनिमुद्रिका परदेशांत निघाल्या व खपल्या. गोव्याच्या वाट्यास आले ते प्रामुख्याने नाव व त्या नावाने ओढले जाणारे प्रवासी. स्थळाचे नाव बाजारात चालते, पण त्याचे शुल्क कोणी देत नाही.

दुसरा संबंध मोठ्या तिकिटी उत्सवांचा. सनबर्न हा उत्सव २००७ साली गोव्यात सुरू झाला, २०१६ ते २०१८ ह्या काळात तो पुण्याच्या परिसरात भरला व २०१९ मध्ये गोव्यास परतला. सुपरसॉनिक हा दुसरा उत्सव २०१३ मध्ये गोव्यात निघून पुढे पुण्यास आला. ह्या स्थलांतरांच्या मुळाशी जागा, परवाने व स्थानिक विरोध ह्या बाबी आहेत. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात उघड्या जागी ध्वनिवर्धक वाजविता येत नाही; सणासुदीच्या व सांस्कृतिक प्रसंगी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे. त्यामुळे युरोपात जो व्यवसाय रात्री दहानंतर सुरू होतो तो येथे उघड्या मैदानावर दुपारीच सुरू करून दहाला आटोपावा लागतो. विकता येणारे तासच कमी असल्याने तिकिटाबरोबर प्रायोजकांच्या पैशावर अधिक विसंबावे लागते, आणि प्रायोजकांना हवा असतो तो मोठ्या उपस्थितीचा आकडा. फुगविलेल्या संख्येचे एक मूळ येथेही आहे.

किनाऱ्यावरील ग्रामस्थांची बाजूही हिशेबात धरली पाहिजे. आवाज, कचरा, वाहतुकीची कोंडी व वाढीव पोलीस बंदोबस्त ह्यांचा खर्च तिकिटाच्या किंमतीत उतरत नाही. तो गावास सोसावा लागतो. हणजुण-वागातोर परिसरातील आवाजाची गाऱ्हाणी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत वारंवार गेलेली आहेत. उत्सवामुळे राज्यास इतका लाभ झाला असे सांगणाऱ्या पत्रकांत ही वजाबाकी सहसा आढळत नाही.

८. उपसंहार

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची बाजारपेठ मोठी आहे, साथीच्या आघातातून ती सावरली आहे आणि तिचा श्रोतृवर्ग सर्व खंडांत पसरलेला आहे. ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तिचा आकार सांगणारा एकच आकडा तीन भिन्न गोष्टी झाकून टाकतो : मोजणीची बदलती व्याख्या, उत्पन्नाची विषम वाटणी, आणि न मोजलेला व्यवहार व खर्च. ज्या पंचायतीस, नगरपालिकेस वा राज्य सरकारास अशा उत्सवाचा अर्ज विचारात घ्यावयाचा असेल तिने जागतिक उलाढालीच्या आकड्याने दिपून जाऊ नये. उपस्थिती व्यक्तींची की हजेरीची, पाहणी कोणाच्या पैशाने झाली, बाहेरून आलेल्या खर्चापैकी गावात किती राहिला, आणि गावास काय सोसावे लागले, हे चार प्रश्न तिने प्रथम विचारावेत. त्यांची उत्तरे नोंदवून ठेवण्याची पद्धत गोवा व महाराष्ट्र ह्या राज्यांत सुरू झाली, तर काही वर्षांतच इबिझाच्या अहवालावर विसंबून राहण्याची आवश्यकता उरणार नाही, आणि मिरवणुकीतील भिंतीपासून किनाऱ्यावरील रंगमंचापर्यंतच्या ह्या संपूर्ण व्यवसायाचे यथार्थ चित्र येथेच उभे करता येईल.